कृषी सल्ला : नवजात कोकरू मलूल पडले? आधी ताप बघा, सुई नंतर

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि पलीकडे माण-खटावमधून सध्या एकच तक्रार येते आहे. पहाटे मेंढी व्याली, कोकरू उठेना, दूध ओढेना. औषध दुकानदाराने एक सुई आणि एक टॉनिक दिले, दुसऱ्या दिवशी कोकरू गेले. मेंढी माडग्याळ जातीची असो की दख्खनी, पहिल्या दोन दिवसांत कोकरू बहुतेक वेळा गारठ्याने आणि उपासाने जाते. त्यावर दुकानात औषध नाही.

पहिले काम, थर्मामीटर. माणसाचा डिजिटल चालतो, गुदद्वारात लावायचा. अंगाचे तापमान १०२ ते १०४ फॅरनहाइट ठीक. ९९ च्या वर पण १०२ च्या खाली असेल तर कोरड्या गोणपाटाने खसाखसा पुसा, आडोशाला घ्या, चीक पाजा. ९९ च्या खाली असेल आणि जन्मून पाच तास झाले नसतील तर आधी ऊब द्या. खोक्यात कडबा घाला, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवा. ताप ९९ च्या वर आला की चीक.

पाच तास उलटून गेलेत आणि अंग थंडगार आहे, मान टाकली आहे, अशा कोकराला घाईने शेकू नका. त्याच्या अंगातली साखर संपलेली असते. शेकले की झटके येऊन मरते. त्याला पोटात ग्लुकोजचे इंजेक्शन लागते आणि ते डॉक्टरनेच द्यायचे. पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा. आणि मान न धरणाऱ्या कोकराच्या तोंडात बाटलीने किंवा चमच्याने काहीही ओतू नका. ते फुफ्फुसात जाते. हे दर हंगामात सांगतो, तरी दर हंगामात ओततात.

आता चीक. मेंढीच्या पोटात असताना कोकराला आईकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून येते. आतडे ती पहिल्या काही तासांतच नीट शोषते, २४ तासांनी दार बंद. किलोमागे ५० मिली एका वेळी, म्हणजे ३ किलोच्या कोकराला १५० मिली, तेही पहिल्या दोन तासांत. दिवसभरात चार-पाच वेळा मिळून ६०० मिली पोटात गेला पाहिजे. सडाच्या तोंडाशी मेणासारखा बूच असतो, दोन धारा काढून तो मोकळा करा; बरीच कोकरे ओढून ओढून तिथेच थकतात.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: चीक साठवा. जिला भरपूर चीक आहे अशा निरोगी मेंढीचा किंवा शेळीचा उरलेला चीक शंभर-शंभर मिलीच्या स्वच्छ बाटल्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. घरी फ्रिज नसेल तर शेजाऱ्याकडे ठेवा, गावच्या डेअरीत विचारा. लागेल तेव्हा कोमट पाण्यात बाटली धरून वितळवा. उकळत्या पाण्यात नाही, चुलीवर नाही. उकळलेला चीक म्हणजे नुसते दूध. कळपात अशा चार बाटल्या असतील तर दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

दुकानदार काय देतो ते ऐका. जंताचे इंजेक्शन: आयव्हरमेक्टिन १ टक्क्याचे प्रमाण ५० किलोला १ मिली. ३ किलोच्या कोकराला ते ०.०६ मिली होते. दुकानात सर्रास ‘अर्धा मिली मारा’ सांगतात, म्हणजे आठपट. शिवाय दोन दिवसांच्या पोटात मारायला जंत आहेतच कुठे? डेक्सा (स्टेरॉइड): दिवसभर तरतरी दिसते, रोगप्रतिकारशक्ती मात्र दबते. माणसाची जुलाब थांबवायची गोळी: आतडे थांबते, विष आतच राहते. अँटिबायोटिक डॉक्टरने सांगितले तरच, वजन करूनच. अंदाजाने वजन धरू नका, काटा वापरा. पुन्हा सांगतो, तोंडी सल्ल्यावर सुई मारू नका.

हगवणीबद्दल विचारणा खूप आहे. पहिल्या दिवसांत काळी, मग पिवळी चिकट विष्ठा येणे बरोबरच आहे, त्याला औषध देऊ नका. शेपटीखाली ती वाळून गुदद्वार बुजत असेल तर कोमट पाण्याने काढा. पाण्यासारखी पातळ होत असेल तर एक लिटर पाण्यात ओआरएसचे एक पाकीट कालवून किलोमागे ५० मिली, दिवसातून तीन-चार वेळा. दूध तोडू नका, पण दुधात ओआरएस मिसळूही नका. रक्त दिसले किंवा ताप १०४.५ च्या वर गेला तर थांबू नका, दवाखाना गाठा.

नाळेला ७ टक्के टिंक्चर आयोडीन, जन्मताच. राख, शेण, हळद नको. आठवड्याने गुडघे सुजून लंगडणारी कोकरे बहुधा नाळेतून जंतू शिरलेली असतात. तिथे मालिश उपयोगाची नाही, डॉक्टरने दिलेला औषधाचा कोर्स पूर्ण करा.

विण्याच्या महिनाभर आधी मेंढीला आंत्रविषाराची (जंतूंच्या विषाने होणारा आतड्याचा रोग) लस, शेवटचे सहा आठवडे मक्याचा भरडा आणि पेंड मिळून रोज पाव किलो. राज्य सरकारच्या मेंढीपालनाच्या महामेष योजनेत भटक्या जमाती (क) साठी २० मेंढ्या व १ नर, ७५ टक्के अनुदान. अर्ज ऑनलाइन, मुदत दवाखान्यात विचारा.

१९६२ ला फोन लावताना चार गोष्टी तयार ठेवा: जन्मून किती तास झाले, ताप किती, वजन किती, चीक पोटात गेला का. आणि दुकानातून आणलेले काही आधी दिले असेल तर बाटली हातात धरून नाव वाचून सांगा, लपवू नका.