आयातशुल्क लावलं की अमेरिकेतले कारखाने परत येतात का?

या चर्चेत दोन प्रश्न एकत्र येतात: अमेरिकेतली कारखानदारी चीनने संपवली की यंत्रांनी, आणि आयातशुल्क लावून ती परत येईल का. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

आधी पहिला. अमेरिकेत कारखान्यांतला रोजगार १९७९ मध्ये शिखरावर होता, सुमारे १.९५ कोटी. २००० मध्येही तो १.७ कोटींच्या वर होता. म्हणजे यंत्रं येत असूनही वीस वर्षांत घसरण संथ होती. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला आणि २०१० च्या सुरुवातीला हाच आकडा १.१५ कोटींवर होता. यात २००८ च्या मंदीचाही मोठा वाटा आहे, सगळं खापर चीनवर फोडता येत नाही. पण नुसत्या यंत्रांनी एवढा अचानक खड्डा पडत नाही. ‘उत्पादन तर वाढतच होतं, म्हणजे नोकऱ्या यंत्रांनीच घेतल्या’ हा युक्तिवादही तपासून घ्या. त्या वाढीचा मोठा भाग संगणक आणि चिप या एकाच उद्योगाचा आहे. तिथे चिप जास्त वेगवान झाली की हिशेबात उत्पादन वाढलं असं धरलं जातं. हा उद्योग वगळला तर बाकीची वाढ फारच किरकोळ उरते.

आता आयातशुल्क. यासाठी वॉशिंग मशीनचं प्रकरण नीट पाहावं, कारण त्यात सगळे टप्पे दिसतात. आधी कोरिया आणि मेक्सिकोतून येणाऱ्या मशीनवर अँटी-डंपिंग शुल्क (परदेशी माल फारच कमी भावात विकला जातोय म्हणून लावलेलं जादा शुल्क) लागलं, तर कंपन्यांनी उत्पादन चीनला हलवलं. चीनवर लागलं, तर थायलंड आणि व्हिएतनामला. एकाच देशावर शुल्क लावलं की माल वाट बदलतो, कारखाना परत येत नाही.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मात्र जवळपास सगळ्याच देशांवर शुल्क लागलं: पहिल्या १२ लाख मशीनवर २० टक्के, त्यापुढे ५० टक्के. याच सुमारास कारखाने खरंच आले, सॅमसंगचा साऊथ कॅरोलिनात आणि एलजीचा टेनेसीत. पण मशीन सुमारे १२ टक्क्यांनी महागली. ड्रायरवर शुल्क नव्हतं, तरी तोही जवळपास तेवढाच महागला, कारण गिऱ्हाईक दोन्ही जोडीने घेतं आणि विक्रेत्यांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. फ्लाएन, होर्टाचसू आणि टिंटेलनॉट या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला: सुमारे १,८०० नोकऱ्या, आणि शुल्काचा महसूल वजा करूनही प्रत्येक नोकरीमागे ग्राहकांवर वर्षाला सुमारे ८ लाख १५ हजार डॉलरचा बोजा. नोकऱ्या खऱ्या आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही, पण ही किंमत माझ्या मते समर्थनीय नाही.

कच्च्या मालावरचं शुल्क तर याहून घातक. मार्च २०१८ पासून पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लागलं. पोलाद बनवणाऱ्यांपेक्षा ते वापरून यंत्रं, गाड्या, सुटे भाग बनवणारे कामगार कित्येक पटींनी जास्त आहेत. त्यांचा खर्च वाढला, शिवाय समोरच्या देशांनी अमेरिकी मालावर उलटं शुल्क बसवलं.

शुल्काची पुढची बातमी वाचताना तीन गोष्टी पाहा: ते एका देशावर आहे की सगळ्यांवर, तयार मालावर आहे की सुट्या भागांवर, आणि किती वर्षांसाठी. तिसऱ्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. वॉशिंग मशीनचं शुल्क आधी तीन वर्षांचं होतं, मग दोन वर्षं वाढवलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये संपलं. कारखान्यात घातलेला पैसा वसूल व्हायला मात्र बहुधा त्याहून जास्त वर्षं लागतात.