तुर्कस्तानला पहिल्यांदाच चाललोय. अनोळखी देशात उतरल्यावर नेमकं काय जाणवतं? खायचं सोबत न्यावं का?

खायचं न्या नाहीतर नका नेऊ, उपाशी कुणी राहत नाही तिथं. पण काय जाणवतं असं विचारलंत म्हणून लिहायला बसलो, कारण यावरनं आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

मी सोलापूरचा, पूर्व भागात आमचा टॉवेलचा कारखाना आहे, वडिलांच्या काळापासूनचा. माझा चुलतभाऊ माझ्या आधी तुर्कस्तान करून आला, टूरबरोबर, रोज वरणभात पोळी, एसी बस, पॉइंट आला की उतरायचं, फोटो काढायचे, परत बसायचं. आल्यापासून लग्न असो बारसं असो, त्याचं एकच, "काय नाही बे तिकडं, सगळं मोबाईलवर दिसतंय की." माझं डोकं फिरतं हे ऐकून. दिसतं ना, पण देश काय नुसता डोळ्यानं कळतो का?

इस्तंबूलचं सगळेच लिहितात, खारा वारा, भाजलेल्या चेस्टनटचा वास, दारोदार मांजरं, ते सगळं खरं आहे. मी मुद्दाम तुर्कस्तानच्या नैऋत्येला डेनिझली शहरात गेलो, टॉवेलच्या धंद्यात ते नाव मोठं. टेरी टॉवेल, म्हणजे अंगावर सुताचे लूप असलेला, मुळात तुर्कांचाच, इंग्रजांनी 1850 च्या सुमारास तिथल्या बुर्सा शहरातला टॉवेल बघून तो मशीनवर काढला. इस्तंबूलहून रात्रीची बस धरली. बसमधला पोरगा बाटली घेऊन आला आणि प्रत्येकाच्या ओंजळीत लिंबाच्या वासाचं कोलोन ओतत गेला. शेजारच्या म्हाताऱ्यानं हात चोळले, मानेला लावले, मीही लावलं, आधी स्पिरिटचा झटका बसतो, मग गार पडतं, मग लिंबू. एवढ्यात गाडीतला परकेपणा निम्मा गेला माझा.

डेनिझलीपासून तासाभरावर बुलदान म्हणून गाव आहे, वडापसारखी मिनीबस जाते. तिथं चढाच्या गल्लीत शिरलो आणि एका घरातनं मागाचा आवाज आला, तोच खटखट, ज्याच्यावर आम्ही लहानपणी झोपायचो. पाय आपोआप थांबले. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना नाही. दुकानात टॉवेल उचलला, अंगठ्यात धरून चोळला, कडेचं सूत ओढून पीळ उलगडून बघितला. दुकानदार बघत होता, त्यानं काही न बोलता समोरचा गठ्ठा बाजूला सारला आणि आतनं दुसरा आणला, धंद्यातला माणूस कळतो हो. त्यांचं सूत लांब धाग्याचं, पीळ कमी, म्हणून लूप मऊ लागतो आणि पाणी पटकन ओढतो. आमच्या कारखान्यात दुहेरी सूत, पीळ घट्ट, हाताला जरा राठ पण वर्षानुवर्षं टिकणारं. सोलापुरी टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, उगाच नाही मिळालेलं. तिकडचं मऊ म्हणजे भारी आणि आपलं राठ म्हणजे हलकं, असं म्हणणाऱ्यांनी आधी दोन्ही धुऊन बघावेत. मग चहा आला, बिनदुधाचा, कमरेत बारीक अशा काचेच्या छोट्या ग्लासात, इतका कडक तापलेला की फक्त काठाला धरता येतो.

आता पामुक्कले. डेनिझलीजवळच आहे, गरम झऱ्याच्या पाण्यानं चुनखडी साठत साठत डोंगरउतारावर पांढरे टप्पे तयार झालेत, 1988 पासून युनेस्कोच्या यादीत. फोटोत बर्फ वाटतो. पांढऱ्या भागावर बूट-चप्पल चालत नाही, तर आमचे बंधू बूट काढायला नकोत म्हणून वरनं फोटो काढून परत बसमध्ये. मी अनवाणी उतरलो. तळव्याला बारीक बारीक खरखरीत कंगोरे लागतात, त्यावरनं पाणी वाहतंय आणि ते कोमट, झऱ्याशी साधारण 35 अंश, आणि कुंडात पाय टाकला की खाली मऊ पांढरा गाळ बोटांच्या मधनं वर येतो. डोळा म्हणतो गार, पाय म्हणतो गरम. हे कुठल्या मोबाईलवर कळणार सांगा? ज्यानं बूट काढले नाहीत त्यानं पामुक्कलेत काही नाही म्हणू नये, एवढंच माझं म्हणणं आहे आणि ते मी त्याच्या तोंडावर सांगितलंय.

खाण्याचं राहिलंच. सोलापुरी जिभेला तिखट कमी वाटतं, शेंगाचटणी न्या, पण तिथल्या गरम ब्रेडला लावून खा. आयरान म्हणजे खारं ताकच, जिरं-आलं काही नाही, दुसऱ्या दिवसापासून आवडतं. व्हेज असाल तर मसुराचं सूप आणि ग्योझलेमे नावाची पालक-चीज भरलेली पोळी बऱ्याच ठिकाणी मिळते, सुपात मटणाचं पाणी आहे का तेवढं विचारून घ्या. थंडीत जाणार असाल तर पामुक्कलेत पाय गारठतात, पाणी वाहत वाहत खालच्या टप्प्यात येईपर्यंत निवतं, आणि काही कुंडं कोरडीही असतात, सगळ्यात एका वेळी पाणी सोडत नाहीत.

आणि टूर वाईटच असं माझं म्हणणं नाही, घरातली वयस्कर माणसं बरोबर असतील तर टूरच बरी. फक्त एक दिवस टूरवाल्यांना सांगून सुटा. टॉवेल घ्यायचा झाला तर पामुक्कलेच्या गेटजवळ नका घेऊ, बुलदानला जाऊन हातात धरून घ्या.