जमिनीखाली वजन वाढतं की घटतं?

अजिंक्यताऱ्यावर वजन कमी होतं का आणि खोल खाणीत काय होतं, असं विचारलंस. प्रश्न झकास आहे. पृथ्वीचं फिरणं, अक्षांश वगैरे सध्या बाजूला ठेव.

गडाचं लगेच सांगतो. आपण केंद्रापासून सुमारे ६,३७१ किलोमीटरवर आहोत. ३०० मीटर चढलास तर वजन दहा हजारांत जेमतेम एक भाग घटतं.

खरी गंमत खाली आहे, आणि चुकाही तिथेच होतात:

- बाहेरचं सूत्र (केंद्रापासूनचं अंतर निम्मं झालं की पृथ्वीची ओढ, म्हणजे गुरुत्वाकर्षण, चौपट) आत तसंच लावणं. मग केंद्रात ओढ अनंत येते! खरं तर तुझ्या वरच्या कवचाची ओढ चहूबाजूंनी एकमेकींना खोडते. उरतो फक्त पायाखालचा गोळा. केंद्रात ओढ शून्य. दाब मात्र तिथेच सर्वाधिक.
- 'खाली गेलं की लगेच घट' असं धरणं. पृथ्वी एकसारख्या घनतेची असती तर तसं झालं असतं. पण वरचा खडक हलका, गाभा जड. म्हणून खाणीत ओढ किंचित वाढते. १८५४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एअरींनी इंग्लंडमधल्या हार्टन कोळसाखाणीत लंबक नेला, तो तळाशी जलद हलला; ओढ जास्त तितका लंबक जलद. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर, गाभ्याच्या सीमेपाशी, ओढ सर्वाधिक असते. पुढे घटत जाते.

आजच दोऱ्याला नट बांधून असाच लंबक कर. गाठीपासून नटच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर. झोका लहान दे, सोडताना 'शून्य' म्हण, 'एक' नाही. जाऊन परत आला की एक झोका; अशा ५० झोक्यांना साधारण १०० सेकंद लागले पाहिजेत. किती आले ते कळव.