वाचकांचे प्रश्न : ‘सेलम्स लॉट’चं गाव इतक्या लवकर का संपतं?

‘सेलम्स लॉट’ ही रक्तपिपासू पिशाच्चांनी गिळलेल्या एका गावाची गोष्ट; ज्याला पिशाच्च चावतं तोही पिशाच्च होतो. तिच्यावरच्या 2024 च्या चित्रपटाबद्दल आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. चित्रपट अजून पाहिला नसेल तर तिसरं उत्तर तूर्त वगळा.

प्रश्न : स्टीफन किंगची कादंबरी दोनदा वाचली आहे. नव्या चित्रपटात मात्र बघता बघता गाव रिकामं होतं आणि काहीच वाटत नाही. दोष पटकथेचा की संकलनाचा? (सांगली)

दोन्हींचा, पण मूळ अडचण हिशेबाची आहे. कादंबरीतलं अमेरिकेच्या मेन राज्यातलं हे गाव साधारण 1300 वस्तीचं. समजा एका पिशाच्चापासून सुरुवात झाली आणि प्रत्येकानं रोज रात्री एकालाच गाठलं. पाच रात्रींनंतर ती 32 होतात, आठ रात्रींनंतर 256, दहा रात्रींनंतर 1024. कथेत वेग इतका आखीव नाही, पण चाल हीच. म्हणजे पहिले पाच दिवस गावाला पत्ताच नसतो. कुणाला बारीक ताप आहे, कुणाचं दुकान उघडलं नाही, कुणाच्या घराचे पडदे भरदुपारी ओढलेले. खरी भीती या पाच दिवसांत असते. नंतरच्या दोन-तीन रात्रींत उरते ती पळापळ.

ते पाच दिवस अंगावर यायचे तर घरं ओळखीची व्हावी लागतात. किंग म्हणूनच दूधवाला, खोल्या भाड्यानं देणारी बाई, खिडकीत दुर्बीण घेऊन बसणारी गावभवानी यांच्यावर पानंच्या पानं खर्च करतो. टोबी हूपरच्या 1979 च्या दोन भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेला त्यासाठी तीन तास मिळाले. नवा चित्रपट 114 मिनिटांचा. आपलं पहिलं संकलन तीन तासांच्या आसपास होतं, असं दिग्दर्शक गॅरी डॉबरमन यांनीच सांगितलं आहे. कात्री लागली की नायक वाचतो आणि गावकरी जातात. मग रात्री खिडकीशी कुणी उभं राहिलं, की घाबरण्याआधी ‘हा कोण?’ असं शेजारच्याला विचारावं लागतं.

प्रश्न : कादंबरीतला पिशाच्चांचा म्होरक्या बार्लो चांगला बोलका आहे. पडद्यावर तो राक्षसी का दिसतो? (पणजी)

हा 1979 चा वारसा. ड्रॅक्युलाच्या धर्तीचा देखणा, गोडबोला सरदार तेव्हा फार वेळा येऊन गेला होता. म्हणून निर्माते रिचर्ड कोब्रिट्झ यांनी 1922 च्या जर्मन मूकपटातल्या टकल्या, उंदरासारख्या दातांच्या पिशाच्चाचं रूप घेतलं आणि बार्लो झालेल्या रेजी नॅल्डरला संवादच दिले नाहीत. बोलायचं सगळं काम त्याचा हस्तक स्ट्रेकर, म्हणजे जेम्स मेसन, याच्याकडे गेलं. नव्या चित्रपटातला बार्लोही त्याच घराण्यातला दिसतो. त्यानं दचकायला होतं, पण गावचा पाद्री फादर कॅलहन याच्या श्रद्धेशी बुद्धीनं खेळणारा कादंबरीतला बार्लो हरवतो, आणि तो जास्त भयानक होता.

प्रश्न : शेवट ड्राइव्ह-इनमध्ये का नेला? (नागपूर)

ड्राइव्ह-इन म्हणजे मोकळ्या मैदानात मोटारीत बसून सिनेमा पाहायची जागा. गोष्ट 1975 मधली, त्या काळाला ती शोभते. कादंबरीत बार्लोचा शेवट भाड्याच्या खोल्यांच्या घराच्या तळघरात होतो. इथे पिशाच्चं मोटारींच्या डिकीत झोपलेली असतात. डिकी ही बंद, काळोखी आणि माणूस मावेल एवढी, म्हणजे शवपेटीच. या रूपांतरातली स्वतःची म्हणावी अशी ही कल्पना आम्हाला सगळ्यांत आवडली.

प्रश्न : महाविद्यालयीन एकांकिकेत खिडकीबाहेर तरंगणाऱ्या मुलाचा प्रसंग करायचा आहे. कसा जमेल? (कोल्हापूर)

1979 मध्ये मुलगा तारांवर टांगला नव्हता, क्रेनच्या दांड्यावर बसवला होता, आणि चित्रण उलटं चालवलं. म्हणून तिथला धूर चमत्कारिक वागतो. रंगमंचावर उलटं काही चालत नाही, तेव्हा तरंगणं फसवून दाखवायचं.

खिडकीची तळकड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा. मागे दोन बाय तीन फुटांची, रबरी चाकांची ढकलगाडी. तिच्यावर दोन फूट उंच पक्का ठोकळा आणि धरायला दांडा. मुलगा ठोकळ्यावर गुडघे टेकून बसेल, गाडी विंगेतून ओढायची. जिथे थांबायची तिथे जमिनीवर लाकडी अडसर ठोका. तीन फूट सरकायला दहा सेकंद घ्या. घाई केली की ती हातगाडीच दिसते. मागे काळा मखमली पडदा, प्रकाश फक्त दोन्ही बाजूंनी. समोरचा एक जरी स्पॉट राहिला तरी पडद्यावर सावली पडते आणि सोंग उघडं पडतं. चौकटीत काच नको, ती दिवे परावर्तित करते. मुलगा खिडकीवर नखं ओढतो, तो आवाज विंगेत माइकजवळ काचेच्या तुकड्यावर नाणं घासून काढा.

धुरासाठी सुका बर्फ योग्य, कारण त्याचा धूर जड असतो आणि तळकडीवरून खोलीत ओघळतो. बादलीत पाच लिटर गरम पाणी, त्यात साधारण एक किलो. पाणी थंड झालं की धूर मरतो, म्हणून किटली तयार ठेवा. बर्फ उणे 78 अंशांचा असतो, जाड हातमोज्यांशिवाय हात लावू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलात तर डबा फुटेल. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, त्यामुळे त्या प्रसंगात कुणालाही जमिनीवर झोपवू नका आणि विंगेची दारं उघडी असू द्या. चकाकते डोळे हवेत म्हणून लेन्स घालण्याच्या भानगडीत पडू नका. खालून एक छोटा दिवा पुरतो.

जाता जाता, याच पत्रात ‘मराठीत काही आहे का’ असंही विचारलं आहे. नारायण धारप यांची ‘लुचाई’ याच कादंबरीवर बेतलेली आहे. संहिता लिहिण्याआधी ती वाचा. 1979 ची मालिका पाहणार असाल तर पूर्ण लांबीची पाहा, चित्रपटगृहांसाठी कापलेली नको.