गाडी विकायच्या आधीच बदल केलात? मग तुमचंही स्टिकर लागतं

प्रश्न: टेक्सासमध्ये माझं गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे. डीलर नवेकोरे पिकअप पाठवतो, आम्ही लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारा संच), टायर, पुढचा स्टीलचा बंपर असं बसवून परत देतो आणि मग तो ते विकतो. परवा त्याचा मॅनेजर म्हणाला, दाराजवळ तुमचं स्टिकर कुठंय? अहो, कंपनीचं आहेच की!

उत्तर: आहे, पण ते गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचं. अमेरिकेत गाडी फेडरल सेफ्टी स्टँडर्डमध्ये बसते हे सरकार नाही, बनवणारी कंपनी स्वतःच लिहून देते, ते हे स्टिकर. पहिल्या गिऱ्हाइकाला विकायच्या आधी तुम्ही मोठा बदल केलात की कायद्याच्या लेखी तुम्ही 'ऑल्टरर', आणि तुमच्या कामाचा ज्या ज्या स्टँडर्डवर परिणाम होतो त्यांची हमी तुमच्या गळ्यात, फेडरल नियमावलीतला ४९ सीएफआर ५६७.७ हा नियम बघा. बदल कोणी केला, कुठल्या महिन्यात-वर्षात, आणि बदलानंतरही गाडी नियमात बसते, एवढं त्यावर हवं. जीव्हीडब्ल्यूआर (माल-माणसांसकट गाडीचं कमाल मान्य वजन) किंवा ॲक्सलचं रेटिंग (एका ॲक्सलवर किती भार चालतो ते) बदललं तर नवे आकडेही. कंपनीच्या स्टिकरला हात लावायचा नाही. आणि सेलोटेपनं चिकटवलेला कागद चालत नाही हं, काढायला गेलं तर फाटलंच पाहिजे.

आरसे, टायर-रिम, रंगकाम एवढंच असेल तर हे काही नको, फक्त कमी क्षमतेचे टायर टाकून गाडीचे वजनाचे आकडे खोटे पाडू नका. लिफ्ट किटचं तसं नाही, त्यात सस्पेन्शनच खोललं जातं आणि गाडी घसरू नये म्हणून असलेलं ईएससी मूळ उंची धरून ट्यून केलेलं असतं, ते उंची वाढल्यावरही ईएससीच्या स्टँडर्ड १२६ मध्ये बसतं कशावरून? किट बनवणाऱ्याकडून टेस्टचे कागद लेखी मागा. 'सगळेच बसवतात' हे उत्तर मी तरी ऐकून घेणार नाही.

वजनाचं आणखी एक आहे, ते बरेच जण विसरतात. १०,००० पाउंडपर्यंत जीव्हीडब्ल्यूआर असलेल्या गाडीला पहिल्या विक्रीआधी जीव्हीडब्ल्यूआरच्या १.५ टक्के किंवा १०० पाउंड, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त वजन चढवलं, तर टायरच्या प्लॅकार्डवरचा (टायरची माहिती आणि गाडी किती भार नेऊ शकते ते लिहिलेलं लेबल) भाराचा आकडा दुरुस्त करायचा किंवा भारक्षमता किती घटली ते सांगणारं लेबल त्या प्लॅकार्डपासून २५ मिलिमीटरच्या आत लावायचं. ५,००० पाउंड जीव्हीडब्ल्यूआरवाल्या गाडीला ही मर्यादा ७५ पाउंडांवरच येते, आणि स्टीलचा बंपर अन् विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोरखंडाचं यंत्र) मिळून तेवढं सहज होतं.

प्रश्न: आणि गिऱ्हाईक गाडी घरी नेऊन महिन्याभरानं आलं तर?

उत्तर: मग ऑल्टररचं स्टिकर नको. पण डीलर काय नि दुरुस्तीवाला काय, स्टँडर्डसाठी बसवलेली सुरक्षेची गोष्ट जाणूनबुजून निकामी करता येत नाही. सीटच्या शिवणीतून एअरबॅग उघडत असेल आणि तुम्ही त्यावरून जाड लेदर घट्ट शिवलंत तर अडकलात. मालकानं घरी स्वतः केलं तर हा फेडरल नियम त्याला लागत नाही, राज्याचे नियम मात्र त्यानं बघावेत.