'गुडघा तसाच': अपडेट म्हणावं की ख्यालीखुशाली?

प्रश्न असा आहे: "आम्ही तिघी जुन्या मैत्रिणी. रोज एकमेकींना काही ना काही कळवत असतो. कुंडीत काय फुटलं, कोणाचं काय दुखतंय, घर घ्यायचं म्हणतोय त्याचं कुठवर आलं. याला आम्ही 'अपडेट' म्हणतो. मराठी शब्द हवा म्हणून मी 'ख्यालीखुशाली' सुचवला. एकजण म्हणते, तो पत्रापुरता आणि आजाऱ्यांपुरता असतो, शिवाय मुळात परका. त्यापेक्षा 'अद्यतन' घ्या. बरोबर कोण? आणि जाता जाता, खालच्या निरोपात 'गुलाबाला' हवं की 'गुलाबाने'?"

सोबत नमुन्याचा निरोप आहे: "गुलाबाला कळी धरली. गुडघा तसाच. घराचं मनातल्या मनात."

आधी निकाल सांगून टाकते: ख्यालीखुशाली. तिचं कारण या निरोपातच आहे, मधल्या दोन शब्दांत.

'गुडघा तसाच' हे अपडेट होऊ शकत नाही. अपडेट म्हटलं की काल एक होतं आणि आज दुसरं आहे, असं धरलेलं असतं. जिथे काहीच बदललं नाही तिथे अपडेटही नाही. कचेरीत कोणी सलग चार दिवस 'तसंच आहे' म्हणालं तर पाचव्या दिवशी त्याला विचारणंच बंद होतं. मैत्रिणीला मात्र ते सांगावंसं वाटतं आणि ऐकणारीला ते ऐकायचं असतं. त्यातही गंमत 'तसाच'ची. तसा म्हणजे कसा? ते निरोपात कुठेच नाही. जिना उतरताना कळ येते, हे जिला आधीपासून ठाऊक आहे तिलाच तो 'तसाच' वाचता येतो. परक्या माणसाला त्या दोन शब्दांतून गुडघा नावाच्या अवयवापलीकडे काही कळणार नाही.

आता 'अद्यतन'. शब्द जुना आहे आणि चांगला आहे. 'अद्य' म्हणजे आज, 'अद्यतन' म्हणजे आजचं. पाणिनीने तर यावर भूतकाळाचे भाग पाडले: जे घडलं पण आज घडलं नाही, त्या अनद्यतन भूतकाळासाठी 'लङ्' नावाचं क्रियापदाचं रूप (सूत्र ३.२.१११, 'अनद्यतने लङ्'). म्हणजे कळी काल धरली असेल तर क्रियापदाचं रूप वेगळं घ्यायची सोय होती. पण आजच्या मराठीत 'अद्यतन' दिसतो तो संगणकाच्या पडद्यावर आणि परिपत्रकात. 'अद्ययावत' थोडा जास्त रुळला, तोही नोंदी, याद्या, यंत्रसामग्री यांच्यासाठी. 'माझा गुडघा अद्ययावत आहे' असं कोणी म्हणालं तर शस्त्रक्रिया झाली असं वाटेल.

'परका' या आक्षेपाबद्दल. खुशाल म्हणजे फारसी 'खुश' आणि अरबी 'हाल' मिळून झालेला 'खुशहाल', ख्याल अरबी. इथवर खरं आहे. पण त्या न्यायाने तुमच्या निरोपांतलं काय उरेल ते पाहा. बाग फारसी. बगीचा त्याच फारसीतला, मुळात 'छोटी बाग', आपण मात्र लहानमोठी कसलीही असली तरी बगीचा म्हणतो. तब्येत अरबी. आणि तब्येतीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: मूळ अर्थ स्वभाव, घडण, पिंड. तिथून ती आरोग्यावर आली. संस्कृत 'प्रकृती'चा मूळ अर्थही स्वभावच, आणि मराठीत तीही आरोग्यावर आली. दोन अगदी वेगळ्या भाषांतून आलेल्या शब्दांना मराठीने एकाच वाटेने चालवलं. जुना अर्थ पुरता पुसला गेलेला नाही. 'तब्येतीत गाणं' म्हणतो तेव्हा कोणी नाडी बघत नाही. अशा शब्दांना परकं म्हणून बाहेर काढलं तर गुडघ्याबद्दल बोलणं अवघड होईल.

राहिला 'पत्रापुरता आणि आजाऱ्यांपुरता' हा आक्षेप. इथे शेजारचे शब्द बघावे लागतात, कारण मराठीत या कामाला शब्द भरपूर आहेत आणि प्रत्येकाचा कल वेगळा.

'विचारपूस'चा विचार करा. विचारणे आणि पुसणे दोन्ही एकच; प्रश्नावर प्रश्न ठेवला आहे. ही एका दिशेने जाते: बरा माणूस आजाऱ्याची करतो, मोठा लहानाची करतो. तुम्ही आपली विचारपूस दुसऱ्याला कळवू शकत नाही. 'आजाऱ्यांपुरता' हे वर्णन खरं तर हिला लागू आहे. तुमच्या मैत्रिणीची गल्लत झाली ती इथे, असा माझा अंदाज. 'चौकशी'त तर संशयाचा वास येतो. 'फार चौकशा करते' हे कौतुक नव्हे. 'हितगुज' सुंदर आहे, पण त्यातला 'गुज' म्हणजे 'गुह्य', आतलं, झाकलेलं. गुलाबाच्या कळीत लपवण्यासारखं काय आहे? आणि 'बोलाचाली'च्या नादी चुकूनही लागू नका, ते भांडण होतं.

'हाल' या शब्दाचे मराठीत अक्षरशः हाल झाले. अरबीत तो 'स्थिती' एवढाच. हिंदीत आजही बिनधास्त विचारता येतो. 'हालहवाल'मधला 'हवाल' हे त्याच 'हाल'चं अरबी अनेकवचन, 'अहवाल'. म्हणजे हालहवाल विचारणं म्हणजे स्थिती विचारणं आणि वर स्थित्याही विचारणं. (तोच 'अहवाल' कचेरीत जाऊन जाडजूड बांधणीचा झाला.) पण नुसता 'हाल' मराठीत आला आणि घसरला: 'काय हाल झाले!' आणि तो एकटा नाही. 'काय ही अवस्था', 'काय दशा करून घेतलीस', 'काय गत झाली'. अवस्था, दशा, गत हे सगळे मुळात तटस्थ, पण मराठी माणसाच्या तोंडी नुसते आले की वाईटच. चांगली दशा सांगायची तर आधी 'चांगली' म्हणावं लागतं. म्हणून आपण भेटल्यावर स्थिती विचारतच नाही. 'कसं काय?' म्हणतो, 'काय म्हणतेस?' म्हणतो, 'काय विशेष?' म्हणतो. 'विशेष काही नाही' हे उत्तर मिळालं की गप्पा संपत नाहीत, सुरू होतात.

'खुशाल'सुद्धा घसरला, पण दुसऱ्या बाजूला. सुखरूप असलेल्याला कसली चिंता नाही, म्हणून 'तू खुशाल जा' म्हणजे बेलाशक जा. आणि ज्याला चिंता असायला हवी होती पण नाही, तो 'खुशाल झोपलाय'. आपण इथे राबतोय, तो खुशाल झोपलाय. यात 'खुश' कुठेच उरला नाही, आपल्याकडे तर मुळीच नाही. 'खुशालचेंडू' त्याच घराण्यातला. मूळचा सुखरूपपणा टिकला तो 'खुशाली'त, आणि मागे 'ख्याली' लागल्यावर तर पक्का झाला. ही जोडी मराठी कानाने जमवलेली आहे. दोन शब्दांचे शेवट जुळवायचे, पहिल्याने दुसऱ्याला सूर द्यायचा. 'खबरबात'ही असाच जोडशब्द, फक्त तिथे शेवट जुळत नाहीत: खबर अरबी, बात ही 'वार्ता'तून आलेली देशी. कागदपत्र, बाजारहाट, धनदौलत, रीतिरिवाज यांतही एक इकडचा, एक तिकडचा.

ख्यालीखुशालीचं वेगळेपण असं की ती विचारताही येते आणि कळवताही येते. एकच शब्द, दोन्ही दिशा. म्हणूनच ती पत्रात शोभली. हा गुण मात्र तिच्या आधीपासून मराठी पत्रांत होता. पेशवाईतल्या पत्रांची सुरुवात बघा: 'विनंती उपरी येथील कुशल तागायत' अमुक तिथी, अमुक मुक्काम, 'जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे', अशा धर्तीचं वाक्य पुन्हा पुन्हा येतं. आधी आपलं सांगायचं, मग दुसऱ्याचं मागायचं. आणि 'तागायत'कडे लक्ष द्या. ते फारसीमार्गे आलेलं, अर्थ 'पर्यंत'. 'आजतागायत'मध्ये अजून जिवंत आहे. पत्र पोचायला दिवस लागत, म्हणून आपल्या कुशलाची हमी लिहिण्याच्या तिथीपर्यंतच. तुमच्या मैत्रिणीला अद्यतन हवंच असेल तर ते या 'तागायत'मध्ये आहे.

'कुशल' आणि 'क्षेम' आपण जोडून म्हणतो, पण ते कधीकाळी वेगळे ठेवले जात. मनुस्मृतीत (२.१२७) ब्राह्मणाला कुशल विचारावं, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम आणि शूद्राला आरोग्य, अशी वाटणी आहे. कोणाला काय झालं ते विचारतानाही जात बघायची! मराठीने 'क्षेमकुशल' असा एकच जोड करून टाकला आणि तो सगळ्यांना सारखा लावला, हे बरं केलं.

यातला 'क्षेम' मला तुमच्या निरोपाशी सगळ्यात जवळचा वाटतो. धातू 'क्षि', अर्थ राहणे, वस्ती करणे. त्याच धातूपासून 'क्षेत्र', आणि क्षेत्राचं मराठीत झालं 'शेत'. म्हणजे सुखरूप असणं, घर करून राहणं आणि जमिनीत काही पिकवणं या तिन्हींची मुळं एकमेकांत गुंतलेली. वार्तेचंही तसंच. आज वार्ता म्हणजे बातमी, पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वार्ता म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार. तेव्हा कळी धरल्याची वार्ता ही जुन्या अर्थानेही वार्ताच. 'योगक्षेम'ची जुनी फोड अशी करतात: जे नाही ते मिळणं हा योग, जे आहे ते टिकणं हा क्षेम. निरोपाला लावून बघा. गुलाब टिकला, क्षेम आहे. घर व्हायचंय, तिथे योग लागतो. आपण म्हणतोही, 'अजून घराचा योग नाही'. गुडघा कशात बसवायचा ते तुम्हीच ठरवा.

'घराचं मनातल्या मनात' हे वाक्यही सोडवत नाही. 'घराचं' काय? नाम नाहीच. काम, बघणं, ठरणं, जमणं, काहीही घाला. षष्ठी अशी हवेत लोंबकळत ठेवण्याची सोय मराठीत आहे आणि घराच्या स्वप्नाला ती फार शोभते. यासाठी भाषेत मनोराज्य आहे, मनातले मांडे आहेत, मनसुबे आहेत. 'मनसूबा' अरबीत बुद्धिबळाचा रचलेला डाव. म्हणजे घर घ्यायचा मनसुबा म्हणताना आपण नकळत सोंगट्या मांडत असतो. माझा आवडता मात्र 'हवेत इमले बांधणे'. जुन्या दस्तऐवजांत 'जमीन व त्यावरील इमला' असं लिहितात. जमीन वेगळी, इमला म्हणजे फक्त वरची इमारत. हवेतल्या इमल्याला जमीन नसणं हे त्या शब्दाच्या अर्थातच आहे. ज्याने हा वाक्प्रचार पहिल्यांदा वापरला त्याला खरेदीखत वाचता येत असावं.

तेव्हा वापर असा: 'ख्यालीखुशाली' एक शब्द, मध्ये जागा नाही, स्त्रीलिंगी आणि एकवचनी. 'ख्यालीखुशाल्या' होत नाहीत. ती विचारतात, कळवतात, सांगतात. अपडेटसारखी 'देत' किंवा 'घेत' नाहीत. फारच पत्रासारखं वाटलं तर 'खबरबात' हलका आहे, पण त्यात 'गुडघा तसाच' जरा अवघडून बसतो. खबर म्हटली की काहीतरी नवं हवं. आणि तोंडात अपडेटच येत असेल तर येऊ द्या, त्याने मराठी बुडत नाही. फक्त काही न बदललेल्या दिवशीही निरोप पाठवत जा.

आता 'गुलाबाला' की 'गुलाबाने'. या तुमच्या तीन विषयांत मराठी दोनचार क्रियापदांवरच भागवते. 'लावणे' घ्या: रोप लावतो, मलम लावतो, घर लावतो, जीव लावतो. मग रोप लागतं, सामान हलवल्यावर हळूहळू घर लागतं, जीव लागतो. 'धरणे'ही तसंच सगळीकडे पुरून उरतं: रोप तग धरतं, मूल बाळसं धरतं, माणूस धीर धरतो. यांत धरणारा कर्ता ठरलेला आहे, तिथे भूतकाळात 'ने' येतो. 'रोपाने मूळ धरलं'. 'रोपाला मूळ धरलं' कानाला खटकतं. पण 'जखमेवर खपली धरली' म्हणतो तेव्हा जखमेने काही केलेलं नसतं. खपली आपली आपण धरते. 'झाडाने फळ धरलं' आणि 'झाडाला फळ धरलं' ही दोन्ही ऐकू येतात: पहिल्यात झाडाचं कर्तृत्व, दुसऱ्यात फळाचं. तेव्हा तुमचं 'गुलाबाला' चुकलेलं नाही. पाणी तुम्ही घातलं, खत तुम्ही घातलं, आणि कळी तिला हवं तेव्हा धरली.