जावयाची बाल्कनी

एप्रिल लागला की नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक तक्रार हमखास येते. "मॅडम, सगळे मिळून फिरायला चाललोय, पण कुणी कुणाच्या खोलीत झोपायचं यावरून आत्ताच तोंडं फिरलीत." पूर्वी ती महाबळेश्वरच्या हॉटेलपायी यायची, हल्ली मुंबई-गोवा क्रूझपायी येते. क्रूझवर ती जास्त बोचते. वरच्या मजल्यांवर बाल्कनीच्या केबिन, आतल्या बाजूला बिनखिडकीच्या. कुणाला काय मिळालं ते दार उघडताच दिसतं, आणि जहाज भरलेलं असेल तर बदलून घ्यायलाही वाव नसतो. यंदा याच प्रश्नावर इतक्यांदा बोलले की एक हकिगत लिहूनच टाकते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

वैशालीताई घरातली मोठी सून. वय सत्तेचाळीस. माणसं दहा, केबिन चार: दोन बाल्कनीच्या, दोन आतल्या. सासूबाई, वैशालीताई, त्यांचे यजमान आणि कॉलेजातली मुलगी. पिंपळगावची द्राक्षबाग बघणारे दीर, जाऊ आणि त्यांचा मुलगा. नणंद, तिचे यजमान आणि त्यांचा मुलगा. बागेची खरड छाटणी उरकल्यावर मे महिन्यात निघायचं ठरलं होतं. वैशालीताईंना झोप लागत नव्हती, पित्त उसळत होतं. "एका सहलीनं असं होतं का हो?" त्यांनी विचारलं. होतं. मी माणसाकडे एकटं बघत नाही, त्याच्यामागचं घर बघते. मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं सांगून ठेवलंय की दोन माणसांत ताण आला की ती तिसऱ्याला मधे ओढतात. या घरात ते तिसरं माणूस बावीस वर्षं वैशालीताईच होत्या. जावेचा निरोप सासूबाईंना, सासूबाईंचा नणंदेला, सगळं यांच्यामार्फत.

दुसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून चौकटीच्या वहीचा एक कागद काढला. पेन्सिलीनं चार चौकोन आखलेले, आत नावं. खोडून खोडून कागद इतका झिजला होता की सासूबाईंच्या नावापाशी खिडकीचा उजेड आरपार दिसत होता. सासूबाई वर बाल्कनीत, तर वैशालीताई खाली, मग रात्रीची गोळी कोण देणार? सासूबाई खाली, तर "आईंना कोंडलं" असं नणंद म्हणणार. दीर अर्धे पैसे भरणार, तर बाल्कनी त्यांना का नको, असं जाऊ एकदा बोलून गेलेली. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. मग लक्षात आलं, एका चौकोनाला खोडरबर लागलेलंच नाही.

"हे नाव एकदाही हललं नाही," मी म्हटलं.

"ते जावई आहेत ना. बाल्कनी त्यांचीच."

"त्यांनी मागितली?"

"ते तोंडानं कधी काही मागत नाहीत. पण त्यांना लागतं सगळं. मुंबईला जाताना पुढची सीट त्यांचीच. सासरे होते तेव्हाही हे पुढे आणि सासरे मागे. अठरा वर्षं बघतेय मी."

हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. पित्त कुठून उसळतंय ते मला तिथे कळलं. भांडण हलणाऱ्या नावांवरून चाललं होतं, पण त्या नावांना जागा उरली नव्हती ती न हलणाऱ्या नावामुळे. आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

"त्यांनाच विचारूया?"

"जावयाला? केबिन कुठली हवी असं? आई काय म्हणतील!"

दोन भेटी यावरच गेल्या. चौथ्या भेटीत त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. स्पीकरवर नव्हता, त्यामुळे मला एकच बाजू ऐकू येत होती. "भाऊजी, जहाजावर खोली कुठली आवडेल? नाही, मोकळेपणानं सांगा." मग नुसतं ऐकणं. हातातली पेन्सिल त्यांनी टेबलावर ठेवली. "अहो, मग आधी का नाही..." आणि पुन्हा गप्प. फोन ठेवल्यावर त्या बऱ्याच वेळानं बोलल्या.

"ते म्हणाले, वहिनी, मला बोट लागते. खालची, मधली एखादी असेल तर बरं. बाल्कनी कुणालाही द्या."

मी काहीच बोलले नाही.

"कसाऱ्याचा घाट," त्या म्हणाल्या. "मॅडम, पुढची सीट घाटासाठी होती."

अठरा वर्षं ज्याला मान समजून सगळ्यांनी मनातल्या मनात चडफडत सांभाळलं, ती मळमळ होती. नणंदेला ठाऊक होतं. पण माहेरी नवऱ्याला मान मिळतोय तर मिळू दे, असं तिला वाटायचं. त्यात तिचंही काही चुकलं असं मला वाटत नाही. जावयांना सांगायची लाज वाटायची, सासऱ्यांना विचारायचा संकोच. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला सगळ्यात मोलाचा वाटणारा क्षण हाच असतो: माणूस रडत नाही, हसत नाही, नुसतं जुन्या गोष्टीकडे नव्यानं बघतो. त्या क्षणासाठी मी दोन भेटी थांबले याचं मला समाधान आहे. मी अंदाज बांधून आधीच सांगितलं असतं, तर तो आणखी एक निरोप झाला असता.

आपल्या घरांत खोल्या मानाप्रमाणे वाटल्या जातात. माझं सांगणं एवढंच की खोल्या रात्रीच्या गरजेप्रमाणे वाटा. रात्री कोण चारदा उठतं, कोण घोरतं, कुणाचे गुडघे दुखतात? बऱ्याच जहाजांवर केबिनच्या बाथरूमला उंबऱ्यासारखी पायरी असते, ती अंधारात कोण ओलांडणार? कुणाला बोट लागते? जहाज सी-सॉसारखं हलतं, टोकांना आणि उंचावर जास्त, खाली मध्यावर सर्वांत कमी. म्हणजे कुणाची 'कमी दर्जाची' खोली कुणासाठी औषध असते. आणि हे ज्याचं त्याला विचारा. न सांगता मनातलं ओळखणं हा आपण सुनेचा गुण मानतो. मला तो सुनेवरचा बोजा वाटतो.

व्यवहाराचंही सांगते, कारण निम्मी भांडणं त्यात विरघळतात. बुकिंगमध्ये ज्या केबिनला नाव आहे तिथेच झोपलं पाहिजे असं सहसा नसतं. मुलांबरोबर मोठं माणूस हवं म्हणून कागदावर नावं एका तऱ्हेनं टाकावी लागतात, प्रत्यक्षात घरच्या सोयीनं झोपता येतं. जहाजावर रिसेप्शनला सांगून दुसऱ्या केबिनचं दार उघडणारं जादा कार्ड मागता येतं. मात्र धोक्याच्या वेळी जमायची जागा बहुधा केबिनवरून ठरते, ती कार्डावर किंवा दारामागे लिहिलेली असते. अदलाबदल केली तर कुणी कुठे जमायचं ते जहाजाच्या माणसांना विचारून घ्या, आणि सुटण्याच्या वेळी होणारी सुरक्षेची कवायत चुकवू नका. कार्डावर खर्चही पडतो. मुलांच्या कार्डावर तो बंद ठेवायचा का, हे घरूनच ठरवून निघा.

या कार्डावरूनच शेवटची गाठ सुटली. जाऊ म्हणाली होती, "आईंचं कार्ड वहिनींकडे असू दे, हरवेल." प्रेमानंच म्हणाली. पण पाचव्या भेटीला सासूबाई स्वतः आल्या, खुर्चीत टेकल्या आणि पहिलंच वाक्य, "मला माझ्या खोलीत जायला दर वेळी हिला शोधायचं का?" त्यांना बाल्कनीचं काही नव्हतं. नातीबरोबर राहायचं होतं आणि दार आपल्या हातानं उघडायचं होतं. बंदरावर उतरताना-चढताना ज्याचं त्याचं कार्ड दाखवावं लागतंच, तेव्हा ते ज्याच्या त्याच्याकडे असणंच बरं, हे मी वैशालीताईंना सांगितलं. गोळीसाठी नातीनं मोबाइलवर गजर लावला. त्यांच्या केबिनचं एक जादा कार्ड वैशालीताईंनी ठेवलं, सासूबाईंच्या संमतीनं.

सगळं गोड झालं असं नाही. जावयांची बाल्कनी दिराकडे गेली, तरी अर्ध्या पैशांचा विषय जावेच्या मनात अजून आहे. पण ती आता तो थेट मोठ्या दिरांशी बोलते. वैशालीताई त्यात नाहीत.

जूनमध्ये त्या सहाव्यांदा, शेवटच्या आल्या. जहाजाचं त्यांनी फार काही सांगितलं नाही. परतीचं सांगितलं. कसाऱ्याला गाडी चढायला लागली, भाऊजी नेहमीसारखे पुढे बसले होते. सासूबाईंनी मागून बटवा उघडला, जहाजाचं कार्ड अजून त्यातच होतं, ते बाजूला सारून आवळासुपारीची डबी काढली आणि पुढे हात केला. "घ्या, जावईबापू. दोन तुकडे धरा तोंडात."